वसुली

साडेनऊला मालिका सुरू व्हायची
आणि साडेनऊलाच माणसं हमखास घरात सापडायची,
म्हणून केबलची वसुली मी त्याच वेळेला ठेवली.
कोपरखैरणे, सेक्टर पाच ते आठ.
सिडकोचे अरुंद जिने, हातात पावतीपुस्तक, कानावर पेन.
नऊ वर्षं 'पाचवी किल्ली' मी दारातूनच पाहिली,
पैसे मोजणाऱ्याच्या खांद्यावरून.

एका घरात प्रेत सापडायचं,
सुटे आणायला पोरगा खाली पळायचा,
शेजारच्या दारात जाईस्तोवर जाहिरात लागलेली.
चौथा मजला गाठेपर्यंत
संशयित बदललेला असायचा.

पहिल्या वर्षी दारच उघडेनात.
"ब्रेकला ये रे!" आतून ओरडायचे.
सोनटक्केबाईंनी शिकवणीची वेळ बदलली.
बोनकोड्यात गावंडांकडे हळद होती,
तर मांडवात टीव्ही आणून ठेवला,
नवरीसकट सगळे चिडीचूप,
हळद गालावर वाळून तडकली.
इन्स्पेक्टर कैवल्य म्हणजे काय होता तेव्हा!
सेक्टर सातमध्ये आजही तीन कैवल्य आहेत,
तिघंही त्याच वर्षीचे.

तिसऱ्या वर्षी खुनी कैवल्यच निघाला.
त्या आठवड्यात वसुली अर्धीच झाली,
जणू गोष्ट मीच लिहिली होती.
डिमेलो आंटी म्हणाल्या, "पैसे कशाचे? फसवल्याचे?"
तीन कैवल्यांपैकी एकाला
आजी बाळू म्हणू लागली.
मग कळलं, तो जुळा भाऊ होता.
बाळू मात्र बाळूच राहिला.

मग मेलेली मृण्मयी परत आली,
चेहरा दुसऱ्याच बाईचा,
आणि सगळ्यांनी ठरवलं, बास, आता बघायचं नाही.
"पाणी घालून घालून आमटीत डाळ उरली नाही,"
सोनटक्केबाई म्हणाल्या, हात पर्समध्ये, नजर पडद्यावर,
आणि शंभराच्या जागी पाचशेची नोट दिली.
मी परत केली.
असं चारदा झालं. चारही वेळा
मालिका भिकारच चालली होती.

फक्त सर्जेराव पिसाळ,
मार्केटात छत्तीस वर्षं पाठीवर गोणी वाहिलेले,
पहिल्या भागापासून एकच सांगत :
"मुनीम. लिहून ठेव.
चहा देताना जो कप आधी स्वतःकडं ओढतो
तो माणूस सरळ नसतो."
लोक हसायचे. मीही.
मत त्यांचं बदललं नाही, आवाज बदलत गेला.
आधी खणखणीत, मग खोकल्यातून,
मग नुसतं बोट, टीव्हीकडे.
नंतर पैसे सून द्यायची.

सातव्या वर्षी माझी घरं दोनशे दहाची नव्वद झाली.
पोरं मोबाईलवर काय काय बघायला लागली,
म्हणायची, ते तुमचं धूर सोडणारं भूत अजून चालू आहे?
उरले ते म्हातारे,
आणि त्यांना मालिका पुन्हा आवडायला लागली.
"आता बरी झालीय हो," गावंडकाकू म्हणाल्या.
मला तर तोच धूर, तेच दार, तीच किंकाळी दिसत होती.
पण काकूंची नाईट ड्युटी त्या जूनमध्ये संपली होती,
पाय वर घेऊन, चहा हातात धरून
त्या पहिल्यांदाच बघत होत्या.

शेवटच्या रात्री कोण निघालं ते सांगत नाही.
ज्यांनी बघितलं नाही त्यांचा रस का घालवा.
एवढंच, की पिसाळांच्या दारात
उगीच दोन मिनिटं थांबलो,
बेल न वाजवता.
आत टीव्ही नव्हता, कुकरच्या शिट्ट्या होत्या.

आता वसुली मोबाईलवर होते, मला जिने नाहीत.
साडेनऊला जेवून घेतो.
परवा मुलगी म्हणाली, बाबा, सगळे भाग आहेत यात,
एक हजार नऊशे बारा,
आणि पहिला लावून देऊन झोपायला गेली.

सलग बघितला.
मध्ये कुठंच जिना आला नाही.
मुनीम तरुण होता, त्यानं चहा दिला,
मी कपाकडे बघत राहिलो.
मग दिवे गेले, खून झाला,
आणि कुणीच काही बोललं नाही.